मापाची खुर्ची

लग्न होऊन वरवंडला आल्यावर या घरात माझी म्हणावी अशी एकच जागा झाली, आणि तीसुद्धा फरशीवर चिकटपट्टीच्या चार तुकड्यांनी आखलेली. बाकीचं घर आधीच भरलेलं होतं. स्वयंपाकघर सासूबाईंचं, त्यांचं नाव धुरपदा, मी त्यांना आत्या म्हणते, आणि त्यांना विचारल्याशिवाय कुठल्याही डब्याचं झाकण उघडायचं नाही एवढं मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. ओट्यावरचा बाक येणाऱ्याजाणाऱ्यांचा. कपाटातला सगळ्यात वरचा कप्पा माझ्यासाठी रिकामा केलेला होता, फक्त तिथवर माझा हात पोचत नव्हता. तक्रार म्हणून सांगत नाही. नवी नवरी म्हणजे काही दिवस सगळ्यांच्या वाटेत उभं असलेलं माणूस, हे माहेराहून, केंदूरहून निघतानाच मला ठाऊक होतं. पण मागच्या खोलीतली खुर्ची माझी होती. तिच्या चारही पायांच्या जागा आखलेल्या होत्या, आणि तिच्यात मी बसल्याशिवाय माझ्या नवऱ्याचं काम पुरं होत नव्हतं.

ज्योतिबा कुरकुंभच्या एका कारखान्यात मीटर तपासतात. कुठला काटा खरं बोलतो आणि कुठला खोटं, हे शोधणं ही त्यांची नोकरी, आणि घरी आल्यावरही ती सुटत नाही. कॉलेजात असताना मित्रांबरोबर ते वरातींना स्पीकरच्या भिंती लावायचे. एका वरातीनंतर तीन दिवस कानात शिट्टी वाजत राहिली, तेव्हापासून मोठ्या आवाजाशी त्यांचा काडीमोड झाला. आवाज मोठा नको, खरा पाहिजे, असं ठरवून त्यांनी खताच्या गोण्या ठेवायची मागची खोली रिकामी केली, तिच्यात दोन उभे स्पीकर आणले आणि त्यांच्यासमोर ती एक खुर्ची मांडली. लग्न ठरताना माझ्या आण्णांनी विचारलं होतं, पोराला व्यसन काय आहे? मध्यस्थ म्हणाला, गाणी ऐकतो, बाकी काही नाही. आण्णा खूश झाले. तो मध्यस्थ खोटं बोलला नव्हता.

खोली रिकामी होती तेव्हा त्यांनी मला दारात उभं केलं आणि एक टाळी वाजवली. टाळी संपली, पण तिची शेपटी उरली. भिंतींनी ती थोडा वेळ एकमेकींकडं टोलवली आणि पत्र्यावरून खडा घरंगळावा तशी ती विरत गेली. मग मला कोपऱ्यात उभं राहून बोलायला सांगितलं. मी बोलले तर कुण्या जाड्या बाईनं बोलावं तसा माझा आवाज घुमला. जाड आवाज कोपऱ्यांत जाऊन साठतो, त्यांनी समजावलं, आणि बारीक आवाज सपाट भिंतीवर आपटून परत येतो, म्हणून गाणं कानापर्यंत पोचतं तेव्हा त्यात निम्मी खोलीच मिसळलेली असते. ती खोली काढून टाकायची. नुसतं गाणं ठेवायचं.

त्यासाठी लाकडी चौकटी केल्या, पुरुषभर उंच आणि वीतभर खोल. त्यांत कापूस ठासायचा, वरून सुती कापड ताणायचं आणि त्या भिंतींना टेकवून उभ्या करायच्या. कोपऱ्यांत दुप्पट जाडीच्या. कापूस पिंजायला यवतहून पाशाभाई आले. हल्ली गाद्या भरून घेणारं माणूस राहिलं नाही असं म्हणत ते तीन दिवस अंगणात मशीन लावून बसले होते, नाकाला फडकं, भुवयांवर कापूस. सगळी हयात माणसं झोपावीत म्हणून कापूस भरला, ते म्हणाले, आता आवाज झोपावा म्हणून भरतोय, भरतो की, झोप ती झोप. कापडाच्या खोळी मी शिवल्या.

शेवटची चौकट, जी खुर्चीच्या बरोबर मागं उभी राहायची होती, तिला कापूस कमी पडला. ज्योतिबा नुसते तिच्याभोवती फिरत राहिले. मी आत गेले आणि लग्नात माहेराहून आलेली माझी गादी आणून पाशाभाईंपुढं ठेवली. आण्णांनी ती खास भरून घेतली होती आणि मी तिच्यावर धड महिनाभरही झोपले नव्हते. पाशाभाईंनी टाक्यांना हात लावला नाही. त्यांनी आत्यांकडं बघितलं.

"नव्या नवरीची गादी वरीस व्हायच्या आत उसवत न्हाईत," आत्या म्हणाल्या.

का, असं मी विचारलं. का ते त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. मग कात्री मीच घेतली. कुणासाठी काही सोडून द्यायचं असलं की मला फार वेळ लागत नाही.

मग मोजणी सुरू झाली. खुर्चीत बसल्यावर कान जिथं येतात तिथं, बरोबर तेवढ्या उंचीवर, दांडीच्या टोकाला पेन्सिलीएवढा बारीक माईक. लॅपटॉपवर बटण दाबलं की स्पीकरमधून आधी जमिनीच्या पोटातून यावी तशी घरघर निघायची आणि चढत चढत शेवटी डासाच्या गुणगुणण्याहून बारीक होऊन संपायची. दहा सेकंदांत सगळा आवाज जिना चढून जायचा. मग पडद्यावर रेघ उमटायची, डोंगरांची आणि दऱ्यांची. डोंगर म्हणजे जिथं खोली स्वतःहून ओरडते ती जागा. तिचा कान धरून इक्वलायझरनं, म्हणजे एकेक आवाज कमीजास्त करायच्या कळांनी, तिला खाली बसवायचं. दरी मात्र भरायची नाही. खड्ड्यात कितीही आवाज ओता, खड्डाच पिऊन टाकतो, असं ते म्हणायचे. तिथं खुर्ची वीतभर पुढंमागं सरकवून बघायची. चिकटपट्टीच्या चार तुकड्यांची जागा अशी आठ दिवसांच्या सरकासरकीतून ठरली.

प्रत्येक माप दोनदा. एकदा खुर्ची रिकामी ठेवून, त्याची हिरवी रेघ. एकदा मला बसवून, त्याची तांबडी. कारण माणूसही आवाज पितो. माणूस म्हणजे कपडे घातलेली गादीच, हे त्यांचं मत. दोन्ही रेघा एकमेकींवर ठेवल्या की बराचसा भाग एक होऊन जायचा, आणि उजवीकडं, बारीक आवाजांच्या बाजूला, तांबडी रेघ हिरवीपासून सुटून जराशी खालून चालायची. दोघींमधलं ते नखाएवढं अंतर म्हणजे मी. त्यांचा मित्र पप्पू एकदा हौसेनं बसला, तर अंतर अंगठ्याएवढं आलं आणि दोन ठिकाणी खाचा पडल्या. आत्यांना बसवलं, तर त्यांच्या नऊवारीनं निम्मी शिट्टी गिळून टाकली. माझी रेघ या दोघांसारखी नव्हती. मध्ये एक छोटा उंचवटा आणि मग सलग, सावकाश उतार.

"अंगठ्याचा ठसा हाय बघ," ज्योतिबा म्हणाले. "धा येळा मोजलं तरी तूच येतीस."

इतकं प्रेमळ माझ्याबद्दल तोवर कुणी बोललं नव्हतं. दोन्ही मापांना ते नावं द्यायचे, एक 'रिकामी', एक माझ्या नावाचं, 'प्रांजल', पुढं तारीख.

पहिल्या पाळीवरून ते परतले की चार वाजता मी खुर्चीत असायचे. हात मांडीवर, बांगड्या वाजू नयेत म्हणून पदर मनगटांभोवती, श्वास हळू. बोलायचं नाही, हलायचं नाही. थोडक्यात, मला जे येतं तेच. माप झालं की बक्षीस म्हणून एक गाणं. पहिल्यांदा ते नीट लागलं त्या दिवशी गाणारी बाई दोन स्पीकरांच्या मध्ये, माझ्यापासून सहा हातांवर येऊन उभी राहिली. ओळ सुरू करायच्या आधी तिनं ओठ विलग केले तेही मला ऐकू आलं. मी डोकं जरा कलतं केलं तर ती विस्कटली, सरळ केलं तर परत उभी राहिली. सगळ्या घरात, सगळ्या वरवंडात ही एवढीच जागा होती जिथून ती दिसत होती, आणि त्या जागेवर मी होते. मला तेव्हा रडू आलं. ज्योतिबांना वाटलं, आवाज टोचतोय.

मग आखाड लागला. नव्या नवरीनं आखाडात सासरी राहायचं नसतं, म्हणून माझा भाऊ हृतिक येऊन मला केंदूरला घेऊन गेला. महिनाभर मी तिथं होते. हे वाक्य मी मुद्दाम सरळ लिहिते आहे. मी तिथं होते. आईबरोबर मेथीच्या जुड्या बांधल्या, मावसबहिणीच्या डोहाळजेवणाला गेले, दाढ दुखली म्हणून दोनदा पाबळला डॉक्टरकडं जाऊन आले, नागपंचमीला दोन्ही हातांवर मेंदी काढली. ज्योतिबांचा रोज संध्याकाळी फोन यायचा, दोनच मिनिटांचा. जेवलीस का, तिकडं पाऊस आहे का. खोलीचं विचारलं की म्हणायचे, होत आलंय.

पंचमीनंतर हृतिकनंच मोटारसायकलवरून, न्हावऱ्यामार्गे पारगावचा पूल ओलांडून मला परत आणलं. त्याला रांजणगावला दुसरी पाळी गाठायची होती, त्यामुळं फाटकातच पिशव्या उतरवून तो वळला. मी उंबऱ्याबाहेर थांबले. पहिला आखाड करून आलेल्या सुनेवरून सासू भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकते आणि मग तिला घरात घेते. घाईनं आत शिरू नको, असं आईनं बजावून पाठवलं होतं. तशी थांबले. आतून आत्यांचा आवाज आला.

"आलीस व्हय? दूध ठिवलंय, तेवढं बघ. मघाशी उतू गेलं तुझ्या हातनं."

मघाशी. मी तो शब्द उंबऱ्याबाहेरच उभी राहून मनात दोनदा म्हणून पाहिला. मग वाटलं, वय झालंय, तोंडातून काहीबाही जातं. दूध खरंच वर येत होतं. मी धावत आत गेले आणि भाकरीतुकड्याचं राहूनच गेलं. संध्याकाळी मागच्या दोरीवर माझी हिरवी साडी वाळत घातलेली दिसली. जाताना मी ती धुऊन, घडी करून ठेवली होती. काठाला हात लावला तर ओला होता. आत्यांनी पुन्हा पाण्यातून काढली असेल, असं म्हणून मी ती उलटी केली, दुसरी बाजू वाळावी म्हणून.

चौथ्या दिवशी ज्योतिबांनी मला लॅपटॉपवर जुनी मापं एका बाजूला काढून ठेवायला सांगितली, आणि ती यादी माझ्यासमोर उघडली गेली. रिकामी, प्रांजल. रिकामी, प्रांजल. तारखा ज्येष्ठातल्या, त्या मला पाठ होत्या. त्यांच्याखाली यादी चालूच होती. आखाडाचा पहिला दिवस: रिकामी, प्रांजल. दुसरा: रिकामी, प्रांजल. पंचमीपर्यंत एकही दिवस सुटलेला नव्हता. मी डॉक्टरच्या खुर्चीत तोंड उघडून बसले होते त्या दिवसाचं माप उघडलं. हिरवी रेघ आली. तिच्यावर तांबडी आली. उजवीकडं ती सुटली, नखाएवढी खालून चालत गेली, मध्ये छोटा उंचवटा, मग सलग, सावकाश उतार.

खोलीत चौकटी नव्हत्या त्या वेळची टाळी कुणीतरी माझ्या डोक्यात वाजवावी, तसं काहीतरी झालं, आणि ते थांबेना.

ज्योतिबा बाहेर बाकावर चहा पीत होते. आखाडात खुर्चीत कोण बसत होतं, असं मी विचारलं.

"तू," ते म्हणाले.

मी म्हणाले, मी केंदूरला होते.

"व्हय की. रोज फोन करत होतो ना मी."

मग, असं मी विचारलं. काट्यात काही खोट नसताना उगीच हुज्जत घालणाऱ्या ऑपरेटरकडं ते जसं बघत असतील तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, जरा थकून. "केंदूरला व्हतीस. आन् चारला मापाला बसायचीस. उलट तवा लई चांगली बसायचीस. रेघ हलायची न्हाई."

मी आत जाऊन पर्समधून पाबळच्या डॉक्टरचा कागद आणला. त्यावर माझं नाव होतं, तारीख होती, दाढेचं चित्र काढून त्याला गोल केलेला होता. कारखान्यातलं प्रमाणपत्र तपासावं तसा त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, बरोबर आहे म्हणाले आणि जपून घडी घालून मला परत दिला. मी म्हणाले, दोन मीटर दोन वेगळे आकडे दाखवत असले तर त्यातला एक खोटा असतो, हे तुम्हीच सांगता ना? ते क्षणभर खरोखर विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. पण दोन्हीकडं आकडा एकच येतोय की, ते म्हणाले, इकडं बी तू आणि तिकडं बी तू. मग खोटं कोण?

मी आत्यांकडं गेले. त्या लसूण सोलत होत्या. त्यांच्याशेजारी बसले, दोन पाकळ्या सोलल्या आणि सहज विचारावं तसं विचारलं, आत्या, मी कधी आले? पंचमी झाल्यावर, त्या म्हणाल्या. त्याआधी? त्याआधी आखाड होता. मग आखाडात इथं कोण होतं? आत्यांनी सालपटं फुंकून बाजूला केली. त्यांचा स्वर मी त्या घरात ऐकलेला सगळ्यात मायेचा स्वर होता.

"आखाडात सुनंनं सासूसंगं बोलू नये, बाळा. म्हणून तर म्हैनाभर मी तुला एकदाबी हाक मारली न्हाई."

केंदूरला फोन लावला. आईनं माझा प्रश्न दोनदा विचारून घेतला आणि मग चिडली. येडी झालीस का, तुझ्या दाढेपायी माझं दोन दिवस कामात लक्ष नव्हतं, हृतिकच्या फोनमध्ये तुझ्या मेंदीचा फोटो आहे, पाठवायला सांगू का? म्हणाली, दृष्ट काढून घे. म्हणजे मी केंदूरला होते. त्यात काही शंकाच नव्हती. शंका असती तर बरं झालं असतं. मग वेडी मी एकटीच ठरले असते आणि घर जागच्या जागी राहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला ज्योतिबा पाळीवर होते, आत्या शेजारी गेल्या होत्या. मी मागची खोली उघडली. माप कसं घ्यायचं ते बघून बघून मला येत होतं. खुर्ची चार तुकड्यांवर नीट आहे ना पाहिलं, माईकची उंची पाहिली, आवाज थोडा थांबून सुरू व्हावा असं लावून बटण दाबलं, तेवढ्यात बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. आत घरघर उठली, चढली, बारीक होऊन संपली. मी आत गेले आणि मापाला नाव दिलं, 'रिकामी'. मग ज्येष्ठातली जुनी हिरवी रेघ काढून तिच्यावर ठेवली. दोन्ही रिकाम्या खोल्या. त्या एकावर एक बसायला हव्या होत्या.

डावीकडं बसल्या. उजवीकडं नवी रेघ सुटली आणि नखाएवढी खालून चालू लागली.

मी आणखी दोनदा मोजलं. दोन्ही वेळा छोटा उंचवटा, सलग उतार. समोर खुर्ची होती, तिच्यावरची उशी फुगलेली, कुठं दाबलेली नाही. हात फिरवून बघायला हवा होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण या घरात विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही याची मला एव्हाना सवय झाली होती. मी जवळ जाऊन नुसत्या रेघाच बघत राहिले. ज्योतिबा म्हणाले होते ते खरं होतं. माझ्या रेघेत नेहमी कुठंतरी श्वासाची, नाहीतर बांगडीची बारीक थरथर असायची. हिच्यात ती नव्हती. मला धक्का बसला तो या गोष्टीचा. कुणीतरी माझ्या जागी बसलं होतं एवढंच नाही. ते माझ्यापेक्षा बरं बसत होतं. गप्प बसणं एवढी एकच गोष्ट मला सगळ्यांहून चांगली जमते, असं मी आजवर समजत आले होते.

रविवारी सकाळी ज्योतिबांनी सांगितलं की आज शेवटचं माप. आज जे येईल त्यावर इक्वलायझर पक्का करून टाकायचा, पुन्हा त्याला हात लावायचा नाही. खोली ज्या माणसाच्या कानाला लावली, त्याची ती झाली. हे त्यांनी साध्या आनंदात सांगितलं. मी भाकऱ्या थापत होते. परातीतलं पीठ संपलं तरी माझे हात थापत राहिले, तेव्हा आत्यांनी परात ओढून घेतली. मी ठरवलं, आज खुर्चीत आपण बसायचं. चारच्या आधी बसायचं, आणि माप पुरं होऊन, ते पक्कं होऊन, ज्योतिबांनी लॅपटॉप मिटेपर्यंत काही झालं तरी उठायचं नाही. कपाट, डबे, बाक, सगळं ज्याचं त्याला राहू दे. ही एवढी जागा मी सोडणार नाही.

पावणेचारला जाऊन बसले. चार वाजता ते आले, दार लावलं, माझ्याकडं न बघता सरळ कोपऱ्यातल्या टेबलाशी गेले आणि नेहमीसारखी माझ्याकडं पाठ करून बसले. बटण दाबलं. घरघर माझ्या तळपायांतून वर आली, गुडघ्यांतून, पोटातून, छातीतून, गळ्यातून, कानांतून, आणि टाळूतून बाहेर पडावी तशी संपली. मग तिथली ती शांतता. कापसानं भिंती गिळलेल्या होत्या, छत गिळलेलं होतं. खोली काढून टाकलेली होती. आता उरलं होतं ते फक्त जे आत होतं ते. मी श्वास धरून ठेवला.

ज्योतिबा पडद्याकडं बराच वेळ बघत राहिले. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा ते सगळं माझ्यातून चढून गेलं. त्यांनी मान एका बाजूला केली, पेन कानामागं खोचलं. मागं वळले नाहीत. त्यांच्या आवाजात नवल नव्हतं, भीती नव्हती, पायरीवर गर्दी करणाऱ्या पोरींना बाजूला व्हायला सांगावं एवढाच तो आवाज होता.

"दोघी नका बसू. एकजण जरा भाईर थांबा."

मी हलले नाही. कुणीच हललं नाही. मी बसून राहिले, आणि माझ्याइतकंच, माझ्याहून जास्त, कुणीतरी बसून राहिलं. त्यांची पाठ वाट बघत होती. टेबलावर त्यांचं बोट दोनदा वाजलं. कुणीतरी उठायला हवं होतं. एसटीत, पंगतीत, फोटोला उभं राहताना अशी अवघड वेळ आली की माझं अंग माझ्या आधी उठतं, मी नंतर त्याच्यामागून जाते. फरशी तळपायांना गार लागली तेव्हा मला कळलं की उठले ती मी.

दारापर्यंत चार पावलं होती. चौथ्या पावलाला मागून बटणाचा आवाज आला, आणि घरघर चढून संपल्यावर ज्योतिबांचा, समाधानाचा. "हां. आता बराबर."

उघड्या दारानं आवाज बिघडतो, म्हणून मी बाहेर येऊन ते नीट ओढून घेतलं.

अंगणात ऊन होतं. फाटकातून एक बाई गुडघा जपत आत येत होत्या. यवतच्या सिंधूबाई, ज्योतिबांच्या चुलत मावशी. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळं लग्नाला यायचं राहिलं, हे त्यांनी ओट्याची पायरी चढेपर्यंत स्वतःच सांगून टाकलं. काखेतल्या पिशवीतून खण आणि नारळ डोकावत होते. मी पाणी दिलं. त्यांनी ते सावकाश प्यायलं, पदरानं तोंड टिपलं आणि माझ्या खांद्यावरून त्या बंद दाराकडं बघितलं. आत गाणं लागलं होतं. बाहेरून त्यातला नुसता जाड भाग ऐकू येत होता.

"ज्योतीच्या नवरीची वटी भरायची हाय माझी," त्या म्हणाल्या. "कुठं हाय गं ती?"

मी तोंड उघडलं. माझं नाव अगदी ओठांपाशी आलं होतं.

"आत बसलीय," मी म्हणाले, आणि दारापासून बाजूला झाले.